बोलू लागण्याचे वय : बालकांचा मौखिक भाषाविकास आणि आपली जबाबदारी

अहवालाच्या आधीच्या पानांत वर्षभरातील कामाचा तपशील आणि जमाखर्च आपणांसमोर ठेवला आहे. प्रथेप्रमाणे त्यासोबत एक अभ्यासलेख देत आहोत. यंदाचा विषय आहे जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत मुलांच्या बोलण्याची होणारी वाढ, आणि त्या वाढीला घर, बालवाडी व रुग्णालय यांनी द्यावयाचा आधार.

रुग्णालयाच्या अहवालात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्या बालरुग्ण विभागाच्या रोजच्या अनुभवात आहे. तापाने फणफणलेले मूल त्याच रात्री रुग्णालयात आणले जाते. न बोलणारे मूल मात्र पुष्कळदा दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी येते. त्याला वेदना नसते, ते खाते-पिते, हसते-खेळते. त्यामुळे घरातील मंडळी वाट पाहत राहतात. हा काळ निघून गेल्यावर उपचार करता येत नाहीत असे नाही. परंतु जे काम सहा महिन्यांच्या वयात सोपे असते, ते चार वर्षांच्या वयात फार कष्टाचे होते. म्हणून हा विषय देणगीदार, विश्वस्त आणि पालक या सर्वांपुढे मांडावासा वाटला.

बोलण्याची सुरुवात ऐकण्यात

मूल पहिला शब्द साधारणतः वर्षाच्या सुमारास उच्चारते. परंतु भाषेचे शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येत असते, आणि सर्वांत अधिक ऐकू येतो तो आईचा आवाज. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तीन दिवसांहूनही लहान अर्भके चोखण्याची लय बदलून परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात, असे दिसून आले.

दुसरा एक प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातील इंग्रजी भाषक घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही आणि त्या भाषेच्या प्रौढांना तो सहजासहजी कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळला. वयाच्या दहाव्या ते बाराव्या महिन्यापर्यंत त्यांची ही क्षमता मावळत गेली, कारण त्यांच्या कानांवर तो भेद पडतच नव्हता. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांमध्ये ती टिकून राहिली.

यातून दोन गोष्टी कळतात. प्रत्येक मूल जगातील कोणतीही भाषा शिकण्याची तयारी घेऊन जन्माला येते. आणि कोणते ध्वनी जपायचे, कोणते सोडून द्यायचे, याचा निर्णय त्याचा मेंदू पहिल्या वर्षातच, कानांवर पडणाऱ्या बोलण्याच्या आधारे घेऊ लागतो. ‘नळ’ आणि ‘नल’, ‘मन’ आणि ‘मण’ यांतील फरक मराठी मूल कोणी न शिकवता ओळखू लागते ते याच काळात. ज्या बाळाला नीट ऐकू येत नाही, त्याचा हा काळ निःशब्दपणे निघून जातो.

वयानुसार वाढ

प्रत्येक मुलाची गती निराळी असते. तरीही पालकांना उपयोगी पडतील अशा काही ढोबळ खुणा येथे देत आहोत.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ते ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरमाळ लावते आणि नावाने हाक मारली की वळून बघते. वर्षाच्या सुमारास टाटा करणे, बोट दाखवणे, हात वर करून ‘घे’ असे सुचवणे या खुणा दिसतात आणि एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांच्या सुमारास पुष्कळ मुलांजवळ पन्नास किंवा त्याहून अधिक शब्द असतात आणि ‘आई ये’, ‘अजून दूध’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू होते. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये येतात आणि त्यांतील बराचसा भाग परक्या माणसालाही समजतो. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल घडलेली हकिकत क्रमाने सांगू लागते.

या वयात होणाऱ्या चुका अनेकदा प्रगतीच्या खुणा असतात. ‘घोड्याला’ ऐवजी ‘घोडाला’ किंवा ‘पाण्यात’ ऐवजी ‘पाणीत’ म्हणणारे मूल प्रत्यय लावण्याचा नियम शिकलेले असते. त्या आधी शब्दाचे रूप बदलते, एवढेच त्याला शिकायचे राहिलेले असते. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा ‘मी गेले’, ‘मी जेवले’ असे म्हणतो, कारण त्याने ते तसेच ऐकलेले असते. अशा वेळी हसू नये, टोकू नये. ‘हो का, तू जेवलास? काय जेवलास?’ असे योग्य रूप सहज बोलून पुढे जावे. ‘काका’ला ‘ताता’ किंवा ‘राम’ला ‘लाम’ म्हणणे हेही लहान वयात स्वाभाविक आहे. ‘र’सारखे ध्वनी अनेक मुलांच्या जिभेवर उशिरा बसतात.

घर : पहिली शाळा

भाषेच्या वाढीसाठी महागडी खेळणी किंवा तक्ते लागत नाहीत. लागतो तो माणसाचा सहवास. परंतु मुलासमोर पुष्कळ बोलणे आणि मुलाशी बोलणे यांत फरक आहे. मुलाने काही केले, मोठ्याने त्याला प्रतिसाद दिला, मग मोठा थांबला आणि मुलाने पुन्हा काही केले, अशी देवाणघेवाण व्हावी लागते. यासाठी आम्ही पालकांना पुढील साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, मुलाचे लक्ष जिथे आहे तेथूनच बोलणे सुरू करावे. ते मुंगीकडे बघत असेल तर मुंगीविषयी बोलावे. त्याला ओढून रंगांच्या तक्त्यासमोर बसवू नये.

दुसरी गोष्ट, मुलाच्या शब्दात थोडी भर घालावी. मूल ‘पाणी’ म्हणाले तर ‘तुला पाणी हवं? थंड पाणी देऊ?’ असे म्हणावे. अशी भर म्हणजे पुढच्या पायरीचा नमुनाच होय.

तिसरी गोष्ट, थांबावे. प्रश्न विचारल्यावर मोठी माणसे क्षणभरही थांबत नाहीत, उत्तर स्वतःच देऊन टाकतात. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. पुष्कळ अबोल मुले तेवढ्या अवकाशात बोलतात.

चौथी गोष्ट, परीक्षा घेऊ नये. ‘हे काय? याचा रंग कोणता?’ अशा प्रश्नांचे उत्तर एका शब्दात संपते. ‘मांजर असं का बसलं असेल?’ या प्रश्नाने मुलाला वाक्य शोधावे लागते.

पाचवी गोष्ट, हातातले काम बोलून दाखवावे. शेंगा सोलताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना आपण काय करीत आहोत हे सांगत राहावे. ‘आधी’, ‘नंतर’, ‘खाली’, ‘आत’, ‘अर्धा’ हे शब्द असेच येतात आणि पुढे गणितालाही उपयोगी पडतात.

आजी-आजोबांना येथे विशेष स्थान आहे. अंगाईगीते, बडबडगीते, कोडी, चिऊ-काऊची गोष्ट हा आपल्याकडील मौखिक ठेवा भाषेच्या दृष्टीने किती मोलाचा आहे याची आपल्याला पुरेशी जाणीव नसते. त्या गोष्टीतील ‘मेण’ आणि ‘शेण’ हे दोन शब्द पाहा. केवळ पहिला ध्वनी बदलतो आणि घर टिकते किंवा वाहून जाते. शब्द ध्वनींचा बनलेला असतो, ही जाण मुलाला अशा जोड्यांतून येते आणि पुढे वाचन शिकताना तीच उपयोगी पडते. एकच गोष्ट दहा वेळा ऐकण्याचा हट्ट मूल करते, तेव्हा ते कंटाळवाणे मानू नये. अकराव्या वेळी तेच ती गोष्ट सांगू लागते.

बालवाडी आणि अंगणवाडी

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण येथे केले पाहिजे. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द भारतभर पोहोचला.

अंगणात जाणे याचा एक अर्थ मुलाच्या भाषेपर्यंत जाणे असाही आहे. वारली, कोरकू, गोंडी, पावरी, अहिराणी बोलणारे मूल बालवाडीत येते तेव्हा ते भाषा घेऊनच आलेले असते. केवळ ताईंची भाषा त्याला नवी असते. अशा मुलाला ‘याला बोलता येत नाही’ असे म्हणणे ही मोठी गफलत आहे. घरची भाषा सोडा आणि मराठीच किंवा इंग्रजीच बोला, असा सल्ला पालकांना देऊ नये. दोन भाषा ऐकल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. त्याचे शब्द मोजायचे झाल्यास दोन्ही भाषांतील मिळून मोजावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे. आईला जी भाषा मोकळेपणाने येते, त्याच भाषेत ती मुलाशी सर्वाधिक आणि सर्वांत सकस बोलू शकते.

पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळणे अवघड असते. सर्वांनी एका सुरात गाणे म्हटले की वर्ग बोलका वाटतो, परंतु त्या सुरात गप्प बसलेले मूल दिसत नाही. यासाठी दिवसातील थोडा वेळ पाच-सहा मुलांच्या लहान गटासाठी राखावा. आदल्या दिवशीची गोष्ट चित्रांच्या आधारे मुलांनाच सांगू द्यावी. दुकान, दवाखाना, एस.टी.चा प्रवास असे खेळ मांडावेत. त्यांत बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. आणि आठवड्याच्या अखेरीस ताईंनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : या आठवड्यात माझ्याशी एकही वाक्य न बोललेले मूल कोणते?

पडद्यावरचे बोलणे

मोबाइलवर गाणी लावली की मूल शांत बसते आणि शब्दही शिकते, असे अनेक पालक आम्हांस सांगतात. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींशी त्या भाषेच्या व्यक्ती समोर बसून खेळल्या-बोलल्या, तर काहींना त्याच व्यक्तींचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले. समोरासमोर ऐकणाऱ्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता आला. पडद्यावर पाहणाऱ्यांना आला नाही. पडदा बोलतो, परंतु मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तास, शक्यतो त्याहूनही कमी, ठेवावी. परगावी असलेल्या बाबांशी किंवा आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणे ही गोष्ट निराळी. तेथे पलीकडे उत्तर देणारे माणूस असते.

वाट पाहू नये अशी वेळ

बारा महिन्यांपर्यंत अक्षरमाळ नाही किंवा बोट दाखवणे, टाटा करणे या खुणा नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नाही. अथवा कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे होऊ लागले, तर ताबडतोब तपासणी करून घ्यावी. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही पाचव्या वर्षी बोलले’ अशा समजुतींवर विसंबू नये. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलू लागेल, हाही असाच एक समज. त्या पडद्यामुळे काही बाळांना दूध ओढताना अडचण येते किंवा काही उच्चार अस्पष्ट होतात. मूल मुळीच बोलत नसेल तर त्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते.

पहिली तपासणी कानांची करावी. जन्मतः कायमस्वरूपी श्रवणदोष असणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजारी सुमारे १ ते ३ मानले जाते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातील रुबेला, घराण्यातील बहिरेपणा, नात्यातील विवाह ही जोखमीची कारणे होत. परंतु सुमारे निम्म्या बालकांत असे कोणतेही कारण सापडत नाही. म्हणून प्रत्येक नवजात बालकाची चाचणी आवश्यक ठरते. बाळ झोपेत असताना कानात मऊ टोक ठेवून ती काही मिनिटांत होते. सुई नाही, वेदना नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस प्रारंभ, असे हे सूत्र आहे. थाळी वाजवून पाहणे विश्वासार्ह नाही. थाळीचा मोठा आवाज ऐकणाऱ्या बाळालाही बोलण्यातील हळुवार ध्वनी ऐकू न येणे शक्य असते.

हलक्या श्रवणदोषाचे एक उदाहरण येथे देतो. चार वर्षांची एक मुलगी ‘हट्टी आहे, सांगितलेले ऐकत नाही’ अशा तक्रारीसह रुग्णालयात आणली गेली. बालवाडीच्या ताईंनी सोबत चार ओळींची चिठ्ठी दिली होती : पुढे बसवले की उत्तर देते, मागे बसवले की देत नाही, सर्दी झाली की अधिक हट्टी होते. निदान त्या चार ओळींतच होते. वारंवारच्या सर्दीमुळे दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साचला होता. असा द्रव बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो; या मुलीचा ओसरला नाही, म्हणून पडद्यांत सूक्ष्म नळ्या बसवाव्या लागल्या. त्यानंतर तिला ऐकू येऊ लागले. परंतु भाषा लगेच भरून आली नाही. तिच्या बोलण्यात ‘घर’, ‘शाळा’, ‘आई’ हे शब्द होते, ‘घरात’, ‘शाळेला’, ‘आईने’ नव्हते. मराठीतील प्रत्यय शब्दाच्या शेवटी, हळू आवाजात येतात आणि अंधुक ऐकणाऱ्या कानांतून तेच आधी निसटतात. ते परत मिळवण्यासाठी तिची आई, ताई आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना अनेक महिने काम करावे लागले. हट्ट म्हणून शिक्षा झाली असती, तर हे सारे कायमचे राहून गेले असते.

यंत्रानंतरचे काम

शासनाच्या योजनांचा येथे मोठा आधार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचाही समावेश आहे. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील तज्ज्ञ घडवीत आली आहे.

तरीही देणगीदारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रवणयंत्र देतानाचे छायाचित्र अहवालात शोभून दिसते, परंतु खरे काम त्यानंतर सुरू होते. बाळाचा कान वाढतो, म्हणून कानातील साचा काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. सैल साचा शिट्टी वाजवतो आणि मूल यंत्र काढून टाकते. बॅटऱ्या संपतात. पावसाळ्यात यंत्रात ओल जाते, त्यासाठी ओल शोषणाऱ्या खड्यांची डबी लागते. वाचा-उपचारासाठी आईला दर आठवड्याला यावे लागते; त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे पडते. यांतील एकही कडी तुटली तर यंत्र कपाटात जाते आणि मूल पुन्हा शांततेत. साचे, बॅटऱ्या आणि प्रवासखर्च यांसाठी दिलेली देणगी कोणत्याही फलकावर कोरली जात नाही. मुलाच्या बोलण्यात मात्र ती ऐकू येते.

ज्या मुलांना यंत्राने वा शस्त्रक्रियेनेही पुरेसे ऐकू येत नाही, त्यांनाही भाषेचा तितकाच हक्क आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे. लहान वयात कोणतीही एक भाषा पूर्णपणे मिळणे हे मुलाच्या विचारशक्तीसाठी अत्यावश्यक आहे. त्यामुळे हातांनी बोलणाऱ्या मुलाचे हात धरून ठेवू नयेत, अशी पालकांना आमची कळकळीची विनंती आहे.

विश्वस्त मंडळापुढे या विषयात तीन कामे आहेत : रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची श्रवणचाचणी घरी जाण्यापूर्वी व्हावी, परिसरातील अंगणवाडी आणि बालवाडीच्या ताईंसाठी या लेखातील खुणांचे एकपानी पत्रक पोहोचावे, आणि एकदा नोंदलेले मूल पुढील भेटीस आले नाही, तर त्याच्या घरी निरोप जावा. ही तिन्ही कामे यंत्रांपेक्षा माणसांच्या चिकाटीवर अधिक अवलंबून आहेत. देणगीदारांचे साहाय्य, ताईंची नजर आणि पालकांचा विश्वास यांच्या बळावर ती पार पडतील. आपल्या घरात वा शेजारी एखादे मूल वयाच्या मानाने फार शांत वाटत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ असे न म्हणता त्याला तपासणीस घेऊन यावे, ही सर्वांस नम्र विनंती.